गळा यंत्राचा, गाणं कुणाचं? हात्सुने मिकू ऐकायला सुरुवात कुठून करायची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे भागाचं लिखित रूप. बोलताना शंभर वेळा आलेले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, बाकी सगळं तेच आहे.

गेल्या काही महिन्यांत आठवी ते बारावीतल्या श्रोत्यांचे मेसेज येतायत आणि त्यांतले प्रश्न साधारण तीन प्रकारचे आहेत. पहिला: दादा, ती हिरव्या-निळ्या केसांची, दोन लांब पोनीटेलवाली मुलगी गाते ना, तिची गाणी कुठून ऐकायला सुरुवात करू? दुसरा: घरचे म्हणतात, हे रोबोटचं रडगाणं काय ऐकत बसतोस, तर त्यांना काय सांगू? आणि तिसरा, सगळ्यात नवा: ही गाणी एआयने बनवलेली असतात का?

आज दहा गाण्यांची यादी देणार आहे, पण नुसती यादी नाही. इतिहासाच्या क्रमाने देणार आहे, कारण त्या क्रमातच दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दडलंय. थोडक्यात आधीच सांगून टाकतो. या गाण्यांत गळा यंत्राचा असतो, पण बोलत असतं कुणीतरी माणूस. आणि बऱ्याचदा तो माणूस तुमच्यापेक्षा फक्त चार-पाच वर्षांनी मोठा, स्वतःच्या खोलीत एकटा बसून काम करणारा असतो. तो कोण आहे हे शोधत ऐकलं, की ही गाणी पूर्ण वेगळी लागतात.

आधी १९६१मध्ये जाऊ

न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन केली आणि कॅरल लॉकबॉम या दोघांनी १९६१मध्ये आयबीएमच्या एका अवाढव्य संगणकाकडून 'डेझी बेल' हे १८९२ सालचं जुनं गाणं गाऊन घेतलं. साथीचं संगीत मॅक्स मॅथ्यूज यांचं होतं. केली आणि लॉकबॉम यांची कल्पना ऐकायला सोपी आहे. माणसाचा घसा म्हणजे कमी-जास्त रुंदीच्या नळ्या एकापुढे एक जोडलेल्या. प्रत्येक सांध्यावर आवाजाची लाट थोडी पुढे जाते, थोडी मागे फिरते. हे गणित सोडवायचं आणि नळ्यांचे आकार बदलत राहायचं, की 'आ'चा 'ई' होतो. बीटेकला सिग्नल प्रोसेसिंग शिकताना हे मॉडेल माझ्यासमोर समीकरण म्हणून आलं. त्यातून कधीकाळी गाणं निघालं होतं, हे मला कितीतरी नंतर कळलं.

ते गाणं ऐकणाऱ्यांत लेखक आर्थर सी. क्लार्कही होते. म्हणून १९६८च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमात हॅल नावाचा संगणक बंद पडता पडता 'डेझी बेल' गातो. तो प्रसंग इतका गाजला की यंत्र गायला लागलं म्हणजे काहीतरी अघटित घडतंय, अशी एक भावना लोकांच्या डोक्यात बसली ती बसलीच. तुमच्या घरच्यांना वाटतं ते काही अगदीच नवीन नाही.

चाळीसेक वर्षांनी, २०००मध्ये, जपानच्या यामाहा कंपनीने बार्सिलोनातल्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाबरोबर गाणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम सुरू केलं. प्रमुख होते केनमोची हिदेकी. प्रकल्पाचं आतलं नाव काय होतं माहितीय? डेझी. बाहेर आलं तेव्हा त्याचं नाव झालं व्होकलॉइड.

ही भानगड चालते कशी? बाराखडीवर!

बेल लॅब्जने घसा गणिताने बनवला. व्होकलॉइडने वेगळा मार्ग घेतला. खऱ्या माणसाला स्टुडिओत बसवायचं आणि अर्थ नसलेल्या अक्षरमाळा गाऊन घ्यायच्या. मग त्यातून आवाजांचे बारीक तुकडे कापायचे. गंमत म्हणजे नुसता 'क' आणि नुसता 'आ' कापून भागत नाही. एका आवाजातून दुसऱ्यात जाताना तोंड जे वळण घेतं, ते वळणच साठवावं लागतं. मग तुम्ही स्क्रीनवर स्वर मांडता, प्रत्येक स्वराखाली अक्षर लिहिता, आणि सॉफ्टवेअर योग्य तुकडे उचलून, त्यांची पट्टी बदलून, सांधे घासूनपुसून सलग गाणं तयार करतं.

जपानी भाषेला एका पट्टीसाठी असे साधारण ५०० तुकडे पुरतात, इंग्रजीला साधारण २,५०० लागतात. का? कारण जपानी लिपी म्हणजे जवळजवळ आपली बाराखडीच. आ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर, आणि मग ओळी कशा येतात बघा: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतंय ना? तिथल्या बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी अभ्यासली आणि तिच्या वर्णक्रमाचा ठसा जपानी क्रमावर पडला, असं मानलं जातं. म्हणजे आपली वर्णमाला शिकलेल्या पोराला जपानी कानाचा तक्ता परका वाटत नाही. हां, मिकूला मराठी गायला लावाल तर 'बाळ'मधल्या 'ळ'ला ती अडणार. तिच्या जपानी तुकड्यांत तो आवाजच नाही.

एक मुद्दा इथेच नोंदवून ठेवा. हे सॉफ्टवेअर आपणहून काहीही गात नाही. चाल, शब्द, कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज थरथरवायचा, सगळं माणसाला एकेक स्वर करून भरावं लागतं. पेटी आपणहून वाजत नाही, तसंच.

कुणाला नको असलेला आवाज

पहिले दोन आवाज २००४मध्ये आले, एका ब्रिटिश कंपनीचे लिऑन आणि लोला. कल्पना अशी होती की व्यावसायिक स्टुडिओवाले मागच्या कोरससाठी ते वापरतील. फारसं कुणी वापरलं नाही. जपानमध्ये साप्पोरोच्या क्रिप्टन फ्युचर मीडिया या छोट्या कंपनीने त्याच वर्षी मेइको नावाचा आवाज आणला आणि डब्यावर एका मुलीचं कार्टून छापलं. या धंद्यात १,००० प्रती खपल्या तरी यश मानायचे. मेइको ३,०००च्या वर गेली. मग २००६मध्ये काइतो हा पुरुषी आवाज आला, तो जेमतेम ५०० खपला.

पुढचा आवाज कुणाचा घ्यायचा? इथे एक अडचण आली, जी आज २०२०च्या दशकात पुन्हा ओळखीची वाटेल. व्यावसायिक गायक तयारच होईनात. आपल्या आवाजाची नक्कल बाजारात गेली तर आपलं काय, ही भीती. तेव्हा क्रिप्टनने अ‍ॅनिमेमध्ये पात्रांना आवाज देणाऱ्या कलाकारांकडे मोर्चा वळवला. फुजिता साकी या अभिनेत्रीने होकार दिला. चित्र केई नावाच्या चित्रकाराने काढलं. पोशाखात यामाहाच्या डीएक्स-७ या गाजलेल्या सिंथेसायझरचे रंग आणि बटणं घेतली. नाव ठेवलं हात्सुने मिकू. हात्सु म्हणजे पहिला, ने म्हणजे ध्वनी, मिकू म्हणजे भविष्य. वय १६, उंची १५८ सेंटिमीटर. आणि एखाद्या यंत्राच्या माहितीपत्रकात लिहावं तसं, तिला झेपणारी लय ७० ते १५० ठोके. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

३१ ऑगस्ट २००७ला ती विक्रीला आली. वर्षभरात साधारण ४०,००० प्रती गेल्या.

या वेळी हे का जमलं? कारण निको निको दोगा. ही जपानी व्हिडिओ साइट तेव्हा वर्षाचीही नव्हती. तिथे प्रेक्षकांच्या कमेंट थेट व्हिडिओवरून सरकत जायच्या. एकटे बसून बघा, तरी शेकडो लोक बाजूला बसून ओरडतायत असं वाटायचं. पहिल्याच महिन्यात कुणीतरी 'इएवान पोल्का' हे फिनलंडचं गाणं मिकूकडून गाऊन घेतलं आणि व्हिडिओत तिच्या हातात कांद्याची पात दिली. ती पात आली होती 'ब्लीच' अ‍ॅनिमेवरच्या एका जुन्या इंटरनेट विनोदातून. आजही मिकूच्या हातात पात दिसते ती यामुळे.

गाणं १: 'मेल्ट' (२००७)

सुरुवातीची गाणी बहुतेक मिकूबद्दलच होती. मी सॉफ्टवेअर आहे, मला विकत घे, माझ्याकडून गाऊन घे, अशी. ७ डिसेंबर २००७ला र्‍यो नावाच्या संगीतकाराने 'मेल्ट' टाकलं आणि दिशाच बदलली. यात मिकू सॉफ्टवेअर नाही. यात एक साधी मुलगी आहे, जिला एक मुलगा आवडतो आणि बोलायचा धीर होत नाही. एवढंच. पण त्यामुळे कळलं की या आवाजात कुणाचीही गोष्ट सांगता येते. खऱ्या माणसांनी ते गाणं स्वतः गाऊन टाकायला सुरुवात केली, आणि 'गाऊन पाहिलं' हा व्हिडिओंचा एक अख्खा प्रकार फोफावला.

घरच्यांना ऐकवायचं असेल तर यापासूनच सुरू करा. त्यांनी विचारलं, गाणारी खरी नाही मग भावना कसली? तर त्यांना पार्श्वगायनाची आठवण करून द्या. पडद्यावर ओठ एकीचे, गळा दुसरीचा, शब्द तिसऱ्याचे, चाल चौथ्याची. आपण पिढ्यान्‌पिढ्या त्यावर रडत आलोय. इथे चेहरा केईच्या चित्राचा, गळा फुजिता साकीच्या तुकड्यांचा, आणि मनातलं बोलणं र्‍योचं. फरक आहे, पण वाटतो तितका मोठा नाही.

परवानगीची गोष्ट

सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण गाण्यात नाही, लायसन्समध्ये दिसतो. २००७च्या शेवटी क्रिप्टनसमोर प्रश्न होता. हजारो लोक परवानगी न घेता मिकूची चित्रं काढतायत. वकिली नोटिसा पाठवायच्या का? कंपनीने उलटं केलं. डिसेंबर २००७मध्ये पियाप्रो नावाची साइट उघडली, जिथे लोक आपली गाणी, चित्रं, शब्द ठेवतील आणि दुसरे ती वापरतील. पैसे कमवायचे नसतील तर मिकूला वापरा, मूळ निर्मात्याचं नाव द्या, आभार माना. पुढे २०१२मध्ये परदेशी चाहत्यांसाठी मिकूच्या चित्रांना क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्सही दिलं. आणि गाणं? ते कायम लिहिणाऱ्याचं.

ओपन सोर्स ज्यांना माहितीय त्यांना हे लगेच कळेल. एकाने चाल टाकली, दुसऱ्याने चित्र काढलं, तिसऱ्याने व्हिडिओ केला, चौथा त्यावर नाचला. हुके नावाच्या चित्रकाराच्या एका चित्रावरून र्‍योने २००८मध्ये 'ब्लॅक रॉक शूटर' गाणं केलं, आणि २०१०मध्ये त्याचं अ‍ॅनिमे आलं. गाणं लिहिणाऱ्याच्या नावापुढे 'पी' लावायची पद्धत पडली, पी म्हणजे प्रोड्युसर. यादीतलं प्रत्येक गाणं शोधताना गायिकेच्या नावाआधी हे नाव बघा.

गाणी २ आणि ३: गोष्टवेल्हाळांसाठी (२००८)

कथा आवडत असेल तर मोथी या संगीतकाराची जोडी ऐका: 'आकु नो मुसुमे' आणि 'आकु नो मेशित्सुकाई', म्हणजे दुष्टाची कन्या आणि दुष्टाचा सेवक. गातात कागामिने रिन आणि लेन, डिसेंबर २००७मध्ये आलेले दोन आवाज, दोन्ही शिमोदा आसामी या एकाच अभिनेत्रीचे. पहिल्या गाण्यात एका जुलमी राजकन्येची गोष्ट आहे, दुसऱ्यात तीच गोष्ट तिच्या सेवकाच्या बाजूने. आधी कन्या, मग सेवक. क्रम उलटा केलात तर मजा गेली. यातून पुढे कादंबऱ्या झाल्या. ही जोडी मी एकच गाणं धरतो.

तिसरं, कॉस्मो याचं 'हात्सुने मिकू नो शोशित्सु', म्हणजे मिकूचं नाहीसं होणं. संगणकातून पुसली जाणारी मिकू निरोप घेते. आठवतंय, माहितीपत्रकात लय १५० ठोक्यांपर्यंत लिहिली होती? हे गाणं २४०वर धावतं. शब्द इतके वेगात की माणसाची जीभ वळणार नाही. पहिल्यांदा ऐकताना गोंधळ वाटेल. पण इथे एका माणसाने ठरवलं की यंत्राकडून माणसाची नक्कल कशाला करून घ्यायची, यंत्रालाच जमेल असं काहीतरी लिहू. विशेष म्हणजे पुढे माणसं तेही गायला शिकली.

गाणी ४ आणि ५: खोलीत बसलेली पोरं (२०१०)

वोवाकाचं 'रोलिंग गर्ल' आणि हाचीचं 'मॅट्रियोश्का'. ही दोन गाणी ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वोवाका तेव्हा २२ वर्षांचा होता. टोचणारा वेगवान पियानो, धावणारी गिटार, आणि श्वास न घेता येणारे शब्द. 'रोलिंग गर्ल'मध्ये पुन्हा पुन्हा प्रयत्न करत गडगडत राहणारी एक मुलगी आहे. ती ठीक नाही, आणि तसं सांगतही नाही. गाणं तिला उपदेश करत नाही. म्हणूनच शाळा-कॉलेजातल्या इतक्या पोरांना ते आपलं वाटलं.

हाची १९ वर्षांचा होता, मूळचा तोकुशिमाचा. तो गाणंही करायचा आणि व्हिडिओतली वेडीवाकडी चित्रंही स्वतः काढायचा. 'मॅट्रियोश्का'मध्ये मिकू आणि गुमी हे दोन आवाज एकमेकींवर आदळतात. शब्दांचा सरळ अर्थ लावायला गेलात तर हाती फार लागणार नाही, ते अंगात भिनतं. २०१२मध्ये या मुलाने स्वतःच्या खऱ्या नावाने, स्वतःच्या आवाजात पहिला अल्बम काढला. ते नाव केंशी योनेझू. हो, तोच! 'चेनसॉ मॅन'च्या सुरुवातीला वाजणारं 'किक बॅक' त्याचंच.

आता तुम्हाला माझा मुद्दा दिसायला लागला असेल. १९ वर्षांचा मुलगा. ना बँड, ना गायक, ना कुठली कंपनी पाठीशी. डोक्यात गाणं आहे आणि ते स्वतः गायचा धीर अजून झालेला नाही. पूर्वी असं गाणं डोक्यातच राहिलं असतं. इथे त्याला एक गळा उसना मिळाला, आणि तो वापरता वापरता स्वतःचाही सापडला.

गाणी ६ आणि ७: जगाने ऐकलं (२०११)

९ मार्च २०१०ला टोकियोत मिकूचा मोठा कार्यक्रम झाला. तारीख मुद्दाम निवडलेली: जपानीत तीन म्हणजे मि, नऊ म्हणजे कु. पडद्यावरची आकृती, पण मागे वाजवणारी माणसं खरी. त्याच मे महिन्यात व्होकलॉइडचा एक अल्बम जपानच्या ओरिकॉन यादीत पहिल्यांदाच पहिला आला. २०११मध्ये लॉस एंजेलिस, आणि २०१४मध्ये तर लेडी गागाच्या कार्यक्रमाआधी मिकू.

या काळातली दोन गाणी. कुरोउसा-पीचं 'सेनबोनझाकुरा' सप्टेंबर २०११चं. जुन्या जपानी वळणाची चाल आणि रॉकचा वेग. हे गाणं इतकं पसरलं की २०१४मध्ये वागाक्की बँडने ते शामिसेन, कोतो असल्या पारंपरिक वाद्यांवर वाजवलं, आणि २०१५च्या ३१ डिसेंबरला एनएचकेच्या 'कोहाकु' या वार्षिक कार्यक्रमात कोबायाशी साचिको या ज्येष्ठ एन्का गायिकेने ते गायलं. आजी-आजोबा बघतात तो कार्यक्रम! आजीला ऐकवायचं असेल तर वागाक्की बँडचंच लावा.

दुसरं, लाइव्हट्यूनचं 'टेल युअर वर्ल्ड'. डिसेंबर २०११मध्ये गूगल क्रोमच्या जपानी जाहिरातीत ते आलं. एकाने खोलीत बसून काहीतरी करायचं आणि ते दूरवरच्या अनोळखी लोकांपर्यंत पोचायचं, याच अनुभवाचं गाणं आहे. यादीतलं सगळ्यात उजळ. उदास गाण्यांच्या मध्ये हे ठेवत जा.

गाणं ८: 'लॉस्ट वन नो गोकोकु' (२०१३)

नेरूचं गाणं, आवाज रिनचा. व्हिडिओ वर्गातला. शाळेत विचारतात तसले प्रश्न येत राहतात, आणि हळूहळू लक्षात येतं की खरा प्रश्न वेगळाच आहे. गणित येतं, अक्षरं वाचता येतात, पण समोरच्याच्या मनातलं वाचता येतं का? स्वतःच्या? दहावी, बारावी, जेईई, नीट यांतून चाललेल्या कुणालाही या गाण्याचं वेगळं भाषांतर करून द्यावं लागणार नाही.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो. या जगातली बरीच गाणी अंधारी आहेत. चाल गोड आणि आतली गोष्ट हिंसेची किंवा स्वतःला इजा करण्याची, असं सर्रास होतं. काही गाणी तर सरळ मोठ्यांसाठीच आहेत. त्यामुळे रीलमध्ये दहा सेकंद छान वाटलेलं गाणं पूर्ण ऐकण्याआधी अर्थ शोधा, आणि नको वाटलं तर निःसंकोच सोडून द्या. आपल्या मनातलं कुणीतरी आधीच गाऊन ठेवलंय हे कळणं मोठा आधार असतो, मी तो नाकारत नाही. पण गाणं तुमचं ऐकत नाही, फक्त तुम्ही त्याचं ऐकता. एखादं उदास गाणं रात्री-रात्री लूपवर चाललंय आणि त्याने मोकळं वाटण्याऐवजी जास्तच आत ओढल्यासारखं होतंय, तर एका जिवंत माणसाशी बोला. मित्र, ताई, शिक्षक, कुणीही. अगदी कुणी नाही असं वाटलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत.

गाणं ९: वाळवंट (२०१७)

मिकूला दहा वर्षं झाली. 'मॅजिकल मिराई' या वार्षिक सोहळ्यासाठी योनेझूने पुन्हा हाची होऊन गाणं दिलं: 'सुना नो वाकुसेई', म्हणजे वाळूचा ग्रह. वाढदिवसाचं गाणं, आणि चित्र ओसाड वाळवंटाचं! बरेच जुने लोक निघून गेले होते, निको निको ओसरत होती. त्यावरून मोठा वाद झाला. कुणी म्हणालं हा अपमान आहे, कुणी म्हणालं हे खरं आहे आणि तुम्हीच काहीतरी पेरा असं तो सांगतोय. त्याच सुमारास वोवाकाही बऱ्याच काळाने मिकूकडे परतला, 'अननोन मदर-गूस' घेऊन. दोन्ही पाठोपाठ ऐका. वोवाका ५ एप्रिल २०१९ला, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी, हृदय बंद पडून गेला. त्याची वळणं आजही नव्या पोरांच्या गाण्यांत ऐकू येतात.

वाळवंटात पीक आलं का? आलं, आणि कुंपणाबाहेरही गेलं. मिकूसाठी गाणी करणारा अयासे पुढे इकुरा या गायिकेबरोबर योआसोबी झाला. २०२३मध्ये त्यांचं 'आयडॉल' हे बिलबोर्डच्या अमेरिका वगळून असलेल्या जागतिक यादीत पहिलं आलेलं पहिलं जपानी गाणं ठरलं. 'जुजुत्सु काइसेन'चं पहिलं ओपनिंग गाणारा ईव्ह याच गल्लीतला. आदो ही 'गाऊन पाहिलं'वाल्यांतली, आणि तिचं 'उस्सेवा' लिहिणारा स्यूदोउ व्होकलॉइडवाला. म्हणजे अ‍ॅनिमे ओपनिंगमध्ये तुम्हाला जो वेग, जी शब्दांची दाटी आवडते, ती यंत्रासाठी लिहिता लिहिता घडलेली आहे.

गाणं १०: 'मेझमरायझर' (२०२४)

शेवटचं गाणं सात्सुकी या संगीतकाराचं. व्हिडिओ रंगीत, खेळकर, चटकन डोक्यात बसणारा. पण चेहऱ्यांकडे आणि हातांकडे नीट बघा. मिकूबरोबर यात लाल केसांची कासाने तेतो आहे, आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही.

१ एप्रिल २००८. एका जपानी चर्चामंचावरच्या टवाळखोरांनी खोटाच नवा व्होकलॉइड जाहीर केला. हातात फ्रेंच पावाची लादी, वय ३१. निव्वळ एप्रिल फूल. मग त्यांना वाटलं, खरंच आवाज भरू या की! तेव्हा यूटाऊ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आलेलं होतं, ज्यात कुणीही स्वतःचा आवाज तुकडे करून भरू शकतं. तेतो खरी झाली. पंधरा वर्षांनी, २०२३मध्ये, तिला सिंथेसायझर व्ही या नव्या सॉफ्टवेअरमध्ये नवा आवाज मिळाला, आणि हारागुची सासुकेचं 'हितो मॅनिया', योशिदा यासेईचं 'ओव्हरराइड' अशी गाणी एकामागून एक गाजली. थट्टेत जन्मलेली पोरगी मिकूच्या शेजारी उभी राहिली.

मग एआय आहे का नाही?

आता तिसरा प्रश्न. सिंथेसायझर व्हीसारख्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यूरल नेटवर्क असतं, हो. त्यामुळे आवाज जास्त नैसर्गिक झालाय. पण ते आवाज देणाऱ्या व्यक्तीच्या संमतीने केलेल्या रेकॉर्डिंगवर शिकवलेलं असतं, आणि त्यातही चाल आणि शब्द तुम्हालाच लिहावे लागतात. 'एक उदास गाणं बनव' असं टाइप करून मिनिटभरात गाणं मिळतं, तो प्रकार वेगळा. तिथे गळाही यंत्राचा, बोलणंही यंत्राचं. मी स्वतः दिवसभर एआयची साधनं वापरून कोड लिहितो, त्यामुळे एआय म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते असं काही नाही. पण 'रोलिंग गर्ल' ऐकताना पलीकडे २२ वर्षांचा कुणीतरी जागा होता, त्याने प्रत्येक स्वर हाताने ठेवला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. एकट्या पोराला दुसऱ्या एकट्या पोराचा आवाज ऐकू आला, म्हणून हे सगळं उभं राहिलं. मधला माणूसच काढून टाकला, तर ऐकणारा खरोखर एकटा उरतो.

म्हणून गाणं आवडलं की एक साधं काम करा. व्हिडिओखालचं वर्णन उघडा. संगीत कुणाचं, शब्द कुणाचे, चित्र कुणाचं, ट्यूनिंग कुणी केलं, सगळं लिहिलेलं असतं. जपानी येत नसेल तर फोनला भाषांतर करायला सांगा. त्यातलं एक नाव उचला आणि त्या माणसाचं पुढचं गाणं ऐका.

आणि तुमच्यापैकी ज्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर कविता आहेत, पण वर्गात गा म्हटलं की घसा कोरडा पडतो, त्यांच्यासाठी: यूटाऊ अजूनही फुकट मिळतं, आणि त्यात आवाज स्वतःचाही भरता येतो. 'ळ'सकट. कुणी केलंच काही, तर मला पाठवा, मी पूर्ण ऐकेन. भेटू पुढच्या भागात.